दहा अन् दहा किती, गुरुजी?

गुरुजी, मला तुमचा राग आलाय. गेलेल्या माणसाशी असं बोलू नये म्हणतात, पण माझी चिडचिड तुम्ही इतकी वर्षं ऐकून घेतलीत, आता ही एक आणखी घ्या. भांडण अर्धवट सोडून उठायची तुमची रीत नव्हती. चहा गार होऊन वर साय धरायची, तरी तुमचं "बाई, पण एक सांगा" काही संपायचं नाही. आणि या खेपेला शनिवारी शाळेला कुलूप लावलंत, गाडीला किक मारलीत आणि म्हणालात, "बाकीचं सोमवारी." रविवारी सकाळी दिग्रसच्या घरी अंगणात गाडी पुसता पुसता खाली बसलात, ते उठलाच नाहीत. नुसता वाद राहिला असता तर मी गप्प बसले असते. पण मनीषाच्या आईला, सिंधूला, शब्द तुम्ही दिला होतात. तुमची मनीषा शाळेत काय शिकली ते मी शेतात येऊन सांगतो, असं तुम्ही म्हणालात, मी नाही. आणि ते निस्तरायला मागे उरले मी.

तुमच्या घरी आले होते. जनाजा निघाला तेव्हा आत बायकांत बसले होते, भाभींच्या शेजारी. भाभींनी माझा हात घट्ट धरला आणि म्हणाल्या, "बाई, अब मुझे कौन बताएगा, आज पोट्टे क्या बोले?" मला आधी कळेचना. मग त्यांनीच सांगितलं, की रोज घरी आल्यावर हातपाय धुवायच्या आधी तुम्ही दारातच उभे राहून पहिलीतल्या पोरांचं एक तरी उत्तर त्यांना ऐकवायचात. म्हणजे माझ्या वर्गातलं! तुमच्याकडे तिसरी-चौथी, पहिली-दुसरी माझी, आणि गंमत मात्र तुम्ही माझ्या पोरांची घरी न्यायचात. त्या रडारडीत मला हसू आलं, गुरुजी. भाभीही हसल्या. मग आम्ही दोघी खूप रडलो.

दोन खोल्यांची आपली शाळा, मधे एक दार, आणि ते दार तुम्ही कधी लावू दिलं नाहीत. मी पहिलीला शिकवत असायची आणि तुम्ही चौथीला भागाकार घालून देऊन त्या दारात येऊन उभे. बरोबर उत्तरात तुम्हाला काडीचा रस नव्हता. "बरोबर तर काय, साऱ्याइचं सारखंच येते," म्हणायचात. माझ्या एखाद्या पोरानं चूक केली रे केली की तुमचा चेहरा फुलायचा. आत येऊन, माझ्या हातातला खडू घेऊन, ते उत्तर फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात लिहायचात, आणि पोरगं असं का म्हणालं हे कळेपर्यंत तो कोपरा पुसायचा नाही असा तुमचा हुकूम. हेडमास्तर तुम्ही, मी काय बोलणार? बोलायचेच म्हणा. "गुरुजी, मला मुळाक्षरं लिहायला तरी जागा ठेवा!" तुमचं लक्षच नसायचं. "काहून म्हणाला असंन पण?" असं तुम्ही विचारायचात, पोराला नाही, मलाही नाही, आपलं हवेलाच.

तांड्यावरचा तो अविनाश आठवतो? चित्राखाली ‘आई’ लिहिलेलं. मी बोट ठेवलं आणि त्यानं ठणठणीत आवाजात वाचलं, "याडी." मी म्हटलं, चूक. तुम्ही दारातून म्हणालात, "चूक कशी? त्याच्या घरी मायले याडीच म्हणतात. चित्र वाचलं त्यानं." मी म्हटलं, मला चित्र नको, अक्षर वाचून हवंय. तर तुम्ही म्हणालात, "मंग चित्र कायले काढलं पुस्तकवाल्यानं?" मी तुमच्या चौथीकडे बोट दाखवलं. तिथं भागाकार सोडून खोडरबरांची फेकाफेक चालली होती. पुढचे कितीतरी दिवस तुम्ही मधल्या सुट्टीत अविनाशकडून त्याच्या घरच्या बंजारा बोलीचे, गोरबोलीचे शब्द शिकत बसायचात, आणि बदल्यात तो तुमच्याकडून अक्षरं शिकून गेला. मी चिडून बघत होते आणि माझ्या वर्गातलं पोरगं माझ्या डोळ्यांदेखत वाचायला लागलं. तेव्हा आभार मानायचे राहिले. आता मानते.

ही वर्षं कशी चाललीत ते तुम्हाला काय सांगायचं. कापसाचं बिनसलं तशा आपल्या भागात पाहणी करणाऱ्यांच्या बाहेरच्या गाड्या येऊ लागल्या. पाहुणे येतात, चावडीत बसतात, बियाणं कोणतं, पाणी किती, भाव काय मिळाला, असं मोठ्यांना विचारतात, लिहून घेतात आणि जातात. तुम्ही व्हरांड्यातून ते बघत म्हणायचात, "बाई, या साऱ्याइले पहिलीतल्या पोट्ट्याले एक बी गोष्ट विचारावी वाटत नाही. घरात उठता-बसता कापसाचंच बोलणं हाय. ते पोट्टं ऐकतच असंन ना? त्यातून ते काय शिकून राह्यलं, कोनाले मालूम हाय काय?" मला वाटायचं, शिकवायचं सोडून या माणसाला नसते उद्योग. मग मनीषानं ते उत्तर दिलं.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकती भरली होती. वेचणी सुरू झालेली, निम्मी पोरं गैरहजर. मी तोंडी बेरजा घेत होते. "दहा किलो कापूस आणि दहा किलो कापूस, किती झाला?" कापूस मी का घेतला कोण जाणे, आंबे आणि पेरू घेऊन कंटाळले असेन. मनीषा उठली. शंभरपर्यंत न अडखळता म्हणणारी पोरगी ती, मी निर्धास्त होते. म्हणाली, "एकोनीस." मी म्हटलं, नीट मोज. "एकोनीसच होते, बाई." आणि मागच्या तिघाचौघांनी माना डोलावल्या!

तुम्ही आत आलातच. कोपऱ्यात लिहिलंत, १० + १० = १९, आणि धोतरबितर नसूनही एखाद्या म्हाताऱ्यासारखे कण्हत टाटपट्टीवर तिच्या शेजारी बसलात.

"मनीषा, दहा बोरं अन् दहा बोरं?"

"वीस."

"दहा बकऱ्या अन् दहा बकऱ्या?"

"वीस."

"कापूस?"

"एकोनीस."

"बरं. दहा किलो साखर अन् दहा किलो साखर?"

ती थांबली. तुमच्याकडे नीट निरखून बघितलं आणि म्हणाली, "कोनाच्या दुकानातली, गुरुजी?"

तुम्ही इतके हसलात की चौथीची पोरं धावत आली. डोळे पुसत तुम्ही विचारलंत, "अन् कापसाचा तो एक किलो कुठं जाते?" ती म्हणाली, "कडता." एवढंही या मास्तरला माहीत नाही, अशा सुरात.

तिची आई सिंधू दुसऱ्याच्या शेतात वेचायला जाते. दिवस मावळताना गाठोडी काट्यावर चढतात. ओल आहे, कचरा आहे, फडक्याचंही वजन आहे, असं म्हणत मालक किलोभर कापून मांडतो, तो कडता. तोच मालक कापूस घेऊन दिग्रसला जातो तेव्हा व्यापारी त्याच्या वजनातून आपला कडता कापतो. व्यापाऱ्याचा पुढे कोण कापतो ते तुम्ही सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यात जाऊन विचारणार होतात. मनीषाला यातलं काही माहीत नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं, की घरी आई रोज सांगते, दहा आणि दहा एकोणीस भरला. कोणी शिकवलं नव्हतं आणि मी शिकवलेल्या सगळ्यापेक्षा पक्कं बसलं होतं.

त्या दुपारी आपलं जे वाजलं ते शेवटपर्यंत वाजतच राहिलं. तुमचं म्हणणं, तिला दोन्ही शिकवा. वहीत वीस, काट्यावर एकोणीस, कुठं काय ते तिचं तिला कळू द्या. आणि मी पेटले. मी म्हटलं, गुरुजी, माझा बाप जिनिंगमध्ये हमाल होता. कडता, घट, तूट हे शब्द आमच्या वस्तीत मीठ-मिरचीसारखे रोजचे. मला शाळा का आवडली, सांगू? तिथं दहा आणि दहा वीस व्हायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वीसच व्हायचे. मधे कोणी हात घालायचं नाही. जन्मभर ही लेकरं एकोणीस ऐकणारच आहेत. पहिलीचं एक वर्ष तरी त्यांचे वीस वीसच राहू द्या!

माझा आवाज चढला होता. तुम्ही कप खाली ठेवलात. "बाई, बरोबर हाय तुमचं," म्हणालात. मी जिंकले असं मला वाटतंय तोच, "पण एक सांगा. घरी जाऊन तिनं वीस म्हटलं अन् मायनं म्हटलं एकोनीस, तर पोट्टी कोनाले खोटं समजंन? मायले का तुमाले?"

घ्या. हे असं तुमचं. समोरच्याला कबूलही करायचं आणि पायाखालची सतरंजीही ओढायची.

त्यातच शाळा तपासायला केंद्रप्रमुख आले. फळ्याच्या कोपऱ्यात हेडमास्तरांच्या वळणदार अक्षरात १० + १० = १९. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "हे अक्षर कोणाचं?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "अक्षर माझं जी, उत्तर पोरीचं." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. साहेबांनी मनीषाला उभं केलं. सांग, दहा आणि दहा किती? ती माझ्याकडे बघते, तुमच्याकडे बघते, फळ्याकडे बघते. साहेबांना कुठलं उत्तर हवंय हे तिला कळेना, आणि तोंडातून शब्द निघेना. तिच्या नावापुढं ‘अप्रगत’ असा शेरा पडला. शंभरपर्यंत म्हणणारी पोरगी, अप्रगत! तुम्ही साहेबांशी काहीतरी बोलायला गेलात, पण त्यांना पुढच्या शाळेची घाई होती.

त्यानंतर ती वर्गात बोललीच नाही. बेरजा तोंडी नाही, लेखी नाही. पुस्तक उघडायची आणि खिडकीबाहेर बघत बसायची. तुम्ही दारात यायचात, तिच्याकडे बघायचात आणि काही न विचारता परत जायचात. तुम्हाला एवढं उतरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

आणि मग सिंधू आली. शेताच्या वाटेवरच होती, कमरेला फडकं, कडेवर मनीषाचा लहाना भाऊ. दारातूनच म्हणाली, "बाई, सायबासमोर पोट्टी मुकी झाली म्हणे. मी काय म्हनतो, याले सांभाळाले घरी कोनी नाही, अन् वेचनीचे दिवस हायेत. पोट्टी काही शिकून राह्यली असंन तर मी कसंबी करीन, पाठवीन. नसंन शिकून राह्यली, तर सरळ सांगून द्या." मी सांगू लागले, सगळी मुळाक्षरं येतात, अंक येतात, गाणी येतात. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग सायबाले काहून नाही सांगतलं तिनं?"

वेचणीसाठी म्हणून घरी राहिलेली पोरगी वेचणी सरल्यावर परत येत नाही, हे आपल्या दोघांनाही पाठ आहे. कितीजणी गेल्या अशा. म्हणून तुम्ही पुढे झालात. "सिंधूबाई, मी येतो शेतात, येत्या आठवड्यात. काय शिकली ते सांगतो." ती म्हणाली, "या. पन खरं सांगजा, गुरुजी." आणि तोवर पोरगी घरी राहील असं म्हणून मनीषाचा हात धरून घेऊन गेली.

शनिवारी मी तुम्हाला अडवून विचारलं, काय सांगणार आहात त्या बाईला? मला वाटलं, तुमच्याकडे काहीतरी तयार असेल. तुम्ही कुलूप हातात धरून उभे राहिलात. "मालूम नाही अजून," म्हणालात. "तेच विचार करून राह्यलो. बाई, खरंच, काय शिकली असंन हो ती?" इतकी वर्षं शाळेत घालवलेला माणूस, आणि चेहरा असा, की आज पहिल्यांदाच शाळेत आलाय. मी चिडले. म्हटलं, मुलीचं वर्ष जातंय आणि तुम्हाला कुतूहल सुचतंय! तेव्हा तुम्ही गाडीला किक मारलीत.

काल मी गेले, गुरुजी. मधल्या सुट्टीत, खिचडी शिजवणाऱ्या बाईंना पोरांवर लक्ष ठेवायला सांगून. सिंधू कापसाच्या पऱ्हाटीच्या ओळीत वाकलेली, मनीषा बांधावरच्या सावलीत लहान्याला कडेवर घेऊन उभी. मी म्हटलं, गुरुजी येणार होते. "मालूम पडलं," सिंधू म्हणाली आणि पदरानं डोळे टिपले. हात मात्र थांबले नाहीत, एका बोंडावरून दुसऱ्यावर चाललेच होते. "मंग आता तुमी सांगा. काय शिकली?"

वाटेनं मी सगळं जुळवून ठेवलं होतं. बोलायलाही लागले. आणि माझं मलाच ते इतकं पोकळ वाटायला लागलं, की वाक्याच्या मधेच थांबले. साडी सावरून मी ढेकळात बसले आणि म्हटलं, "मनीषा, तूच सांग. काय शिकलीस तू?"

ती बोलेना. तुमच्याकडे जो दम होता तो माझ्यात नाही, हे तुम्हाला माहीत आहे. जीभ चावून बसले. तिनं लहान्याला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. मग बोलली ती माझ्याशी नाही, आईशी.

"माय, दहा अन् दहा वीसच होते."

सिंधू वाकल्या वाकल्या हसली. "एकोनीस होते, बापा. रोज मांडून राह्यलो ना मी."

"नाही. वीसच होते. एक कोनीतरी काढून घेते."

सिंधूचे हात थांबले. अर्धं वेचलेलं बोंड तसंच झाडावर राहिलं. ती सरळ उभी राहिली आणि लेकीकडे बघत राहिली, मग शेताच्या त्या टोकाकडे, जिथं मालकाचा काटा टांगलेला होता, आणि पुन्हा लेकीकडे. ओळ सोडून ती बांधापर्यंत आली, मनीषाच्या कडेवरचा लहाना उचलून आपल्या पाठीवर घेतला, पदरानं घट्ट बांधला. "घेऊन जा इले, बाई," म्हणाली. "शाळा सुटली नसंन अजून." आणि पाठीवरच्या ओझ्यासकट पुन्हा ओळीत जाऊन वाकली.

वीस मी शिकवले होते, गुरुजी, त्यावर माझा हक्क आहे आणि तो मी सोडणार नाही. कडत्याकडे बघायला तुम्ही लावलंत. पण कोणीतरी काढून घेतं हे तिला ना मी सांगितलं होतं ना तुम्ही. मी त्या वर्गात होते, मला माहीत आहे. खिडकीबाहेर बघत गप्प बसली होती तेव्हा ती तेच जुळवत होती, आणि आपण दोघं पलीकडे चहा गार करत भांडत होतो की तिला काय शिकवावं. तुम्ही हवे होतात हो काल. माझ्यासाठी नाही, तुमच्यासाठीच. किती आनंद झाला असता तुम्हाला, या विचारानं मला बांधावरून उतरताना भरून आलं.

परतीच्या वाटेनं मनीषा माझ्या पुढे चालत होती. मधेच थांबली, मागे वळली आणि विचारलं, "बाई, तो एक किलो कोन नेते?"

मला उत्तर येत होतं, निदान अर्धं. जन्मभर ऐकलेलं उत्तर, जिभेच्या टोकावर आलेलं. ते मी गिळलं. म्हटलं, "तुला काय वाटतं?"

आणि शाळा येईपर्यंत ती बोलतच राहिली.